यादीत नसलेली बाळं मोजणारा डॉक्टर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात मेडिकलच्या पीजीला नंबर लागलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचे फोटो आले होते, कुणाला रेडिओलॉजी, कुणाला स्किन, कुणाला ऑर्थो, बघून लई बरं वाटलं, शेतकऱ्याची रिक्षावाल्याची पोरं आहेत त्यात. माझ्या भाचीचा फोटो त्यात नव्हता कारण तिनं तो दिलाच नाही. तिला कम्युनिटी मेडिसिन मिळालंय, म्हणजे एकेका पेशंटऐवजी सगळ्या वस्तीचं आरोग्य बघायचं शास्त्र, आमच्या वेळी ह्याला पीएसएम म्हणायचे, आणि मिळालंय म्हणजे नाईलाजानं नाही, दुसरं मिळत असताना तिनं मागून घेतलंय. त्या दिवसापासनं माझ्या बहिणीच्या घरात कुणी नीट बोलत नाही. दाजी एकच वाक्य सारखं म्हणतात, "एवढं शिकवलं आणि आता ही दवाखाना घालणार नाही, पेशंट बघणार नाही, वही घेऊन वस्त्या फिरणार, त्याला डॉक्टर कशाला व्हायला पाहिजे होतं?" पाव्हणे तर तिच्या तोंडावर विचारतात, खरी डॉक्टर कधी होणार म्हणून.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पत्र लिहितेय. मी आरोग्य सेविका होते, ३२ वर्षं, सगळी नोकरी ह्याच जिल्ह्यात उपकेंद्रांवर झाली, २०२० ला रिटायर झाले. फोनवर टाईप करतेय, चुका झाल्या तर सुधारून घ्या पण शक्यतो कापू नका, कारण मला सगळं सांगायचंय.

९७-९८ चा गळीत हंगाम होता. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्यांचा तळ पडायचा, बीडकडची माणसं, दिवाळी झाली की यायची आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च एप्रिलला परत. आपण कोल्हापूरकर ह्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रोज रस्त्यानं बघतो पण आत वाकून किती जण गेलेत मला माहीत नाही. बांबू वाकवून त्यावर चटई नाहीतर प्लॅस्टिक टाकलेलं, आत तीन दगडांची चूल, एक पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं आणि झोळी. पहाटे तीन चारला नवरा बायको फडात जातात, दोघं मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाई एकटी धरली तर ती अर्धा कोयता. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते, त्यामुळं एक दिवस चुकवला तर खाडा पडतो आणि पैसे कापतात. तान्हं बाळ एक तर फडाच्या बांधावर पाचटावर निजवलेलं असतं नाहीतर कोपीत सात आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात.

त्या वर्षी आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, एक नवीन डॉक्टर आले. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पंचवीस सव्वीस वर्षांचे, बोलायला शांत. एकदा लसीकरणाच्या दिवशी माझ्याबरोबर व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन चालत निघाले, आणि तळाजवळनं जाताना विचारलं, "सिस्टर, इथं बाळं किती आहेत?" मी म्हटलं, सर ही आपल्या यादीत नाहीत. ते म्हणाले, "यादीत नाहीत ते कळलं, आहेत किती?" मला उत्तर देता आलं नाही. सात वर्षं मी त्या रस्त्यानं जात होते.

आम्ही आत गेलो. तिसऱ्या का चौथ्या कोपीत एक बाळ होतं, वीस बावीस दिवसांचं असेल, बहीण झोळी हलवत होती आणि म्हणत होती की सकाळपास्नं पीत नाय. सरांनी बाळाला मांडीवर घेतलं, अंगावरचं फडकं वर केलं आणि स्वतःचं घड्याळ काढून बाळाच्या पोटाशेजारी धरलं, दोन्ही एका नजरेत दिसावं म्हणून. आम्हाला तेव्हा एआरआयचं, म्हणजे श्वासाच्या आजारांचं, ट्रेनिंग झालेलं होतं, दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याच्या वर श्वास घेत असेल तर गंभीर, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० आणि त्याच्या पुढं पाच वर्षापर्यंत ४० झाले की निमोनिया, हे मला तोंडपाठ होतं, त्यावरच्या कोट्रायमॉक्झाझोलच्या गोळ्या माझ्या पिशवीत असायच्या. पण खरं सांगते, मी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे. सर म्हणाले, "एवढं लहान बाळ मधेच श्वास थांबवतंय सिस्टर, पूर्ण मिनिट मोजायचं." त्यांनी पूर्ण मिनिट मोजलं, ७२ आले. परत मोजलं, ७०. बरगड्यांच्या खाली आत खळगा पडत होता. गोळ्या देऊन भागण्यासारखं नव्हतं, ॲडमिटच करायला पाहिजे होतं. ती पोरगी आईला आणायला पळत फडात गेली. आई आली ती हातातला कोयता तसाच घेऊन, मागनं बाप, आणि बापाचं पहिलं वाक्य होतं, "सायेब, खाडा पडंल की." त्याला दोष देऊ नका, उचल त्याच्या डोक्यावर होती. सरांनी मुकादमाशी अर्धा तास घातला तेव्हा कुठं ट्रॅक्टरनं हायवेपर्यंत आणि तिथनं वडापच्या जीपनं थोरल्या दवाखान्यात बाळ पोचलं. दहा दिवसांनी परत आलं, अंगावर भरलेलं नव्हतं पण पीत होतं.

मला वाटलं संपलं. पण सरांनी त्या दिवशी शेजारच्या कोपीतल्या म्हातारीला सहज विचारलं होतं की आज्जी ह्या वर्षी अजून कुठलं बाळ आजारी होतं का. ती म्हणाली, दोन गेली की दिवाळीपास्नं, वढ्याकाठी पुरली. दोन बाळं! माझ्या हद्दीत, माझ्या उपकेंद्रापासनं चालत वीस मिनिटांवर, आणि माझ्या मृत्यूच्या रजिस्टरला त्या वर्षी एकही बालमृत्यू नव्हता. मीटिंगला माझं कौतुक झालं होतं त्याबद्दल. ती दोन बाळं बीडच्या नर्सबाईच्या रजिस्टरलाही नव्हती कारण ती तिथं जन्मलीच नव्हती. जन्मली आणि गेली, कुठल्याच कागदावर काही नाही.

पुढच्या रविवारी सर दोनशे पानी वही घेऊन आले. तीन रविवार आम्ही तो तळ फिरलो. प्रत्येक कोपी, बाईचं वय, किती बाळंतपणं, कुठं झाली, कुणी केली, किती जगली, पाणी कुठनं आणता, बाळाला दूध किती वेळा. संध्याकाळी बायका फडातनं आल्या की बोलायचं, त्या चुलीपुढं भाकरी थापत उत्तरं द्यायच्या. त्या एका तळावर एका वर्षाच्या आतली अकरा बाळं निघाली. माझ्या यादीत शून्य. सरांनी त्यावर आठ पानांचा रिपोर्ट करून वरच्या एका कार्यालयात दिला, आणि तिथनं उत्तर आलं की ही माणसं आपल्या जिल्ह्याची नाहीत, ह्यांना टार्गेटमधी धरता येत नाही. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, आणि तिथला माणूस काही राक्षस नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की हे आपलं काम नाही.

सर बॉण्ड संपेपर्यंत राहिले. नंतर हेच काम करायला मिळावं म्हणून त्यांनी बऱ्याच ठिकाणी विचारलं, पण अशी पोस्टच नव्हती. संसार पण चालवायचा असतो. आज ते दुसऱ्या जिल्ह्यात सोनोग्राफी करतात, चांगले डॉक्टर आहेत, लोक नाव काढतात. जाताना ती वही माझ्याकडं देऊन गेले, म्हणाले सिस्टर तुम्ही इथंच आहात, पुढच्या वर्षी मोजा. मी दोन सीझन मोजलं, मग माझी बदली झाली.

आता दाजींच्या वाक्याकडं येते, वही घेऊन फिरणारा डॉक्टर काय कामाचा. मी नोकरीत ज्या ज्या गोष्टीनं माणसं वाचवली ना, त्या सगळ्या कुठल्या तरी डॉक्टरच्या वहीतनंच आलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांतनं.

२०११ पासनं आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी झालं असलं तर पहिल्या दिवशी पण. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला गुंडाळायचं उबदार कापड, असं साधं सामान. हे कुठनं आलं? गडचिरोलीतनं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, दोघंही नागपूरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आले आणि गडचिरोलीत सर्च संस्था काढली. त्यांनी पण आधी मोजलंच. ३९ गावं एका बाजूला, ४७ गावं तुलनेला दुसऱ्या बाजूला, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहायचा, पहिली दोन वर्षं तर नुसतं समजून घ्यायला की बाळं कशानं जातात. मग गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना शिकवलं, बाळ गरम कसं ठेवायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग झालाय हे कसं ओळखायचं आणि तेव्हा जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट ह्या जगात नावाजलेल्या मेडिकल नियतकालिकात ते छापून आलं, आणि बारा वर्षांनी ती गोष्ट सगळ्या देशाचा कार्यक्रम झाली. आमच्या सरांनी कोपीत जे बाळ मोजलं तेव्हा, त्याच वर्षांत, तिकडं गडचिरोलीत हे चाललेलं होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

निरक्षर सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून बंगांनी मणी सरकवायचं एक साधं यंत्र पण केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी. मी हे वाचलं तेव्हा उठून उभी राहिले, कारण आमच्या सुईणींना बाराच्या पुढं मोजता यायचं नाही आणि आम्ही त्यांनाच नावं ठेवायचो, मणी द्यायचं आमच्या डोक्यात आलं नाही. मला तर हीच खरी हुशारी वाटते.

दुसरं, विंचू. आपल्याकडं पाचटात, दगडी बांधात लाल विंचू काही कमी नाहीत. पूर्वी विंचू चावलेलं धडधाकट पोरगं रात्रीत जायचं, तोंडाला फेस, अंग गार, श्वास लागलेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ ला बिरवाडीच्या पीएचसीत होते, साधे मेडिकल ऑफिसर. पेशंट मरतात आणि पुस्तकात उत्तर नाही, तर ह्या माणसानं रात्र रात्र पेशंटच्या उशाला बसून नाडी, बीपी, श्वास सगळं लिहून काढलं आणि त्यातनं समजलं की विषानं हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतंय. मग प्राझोसिन, म्हणजे बीपीची गोळी, ती द्यायला सुरुवात केली. शंभरातले तीस चाळीस दगावायचे ते एकदोनावर आलं. स्वस्तातली गोळी आहे ती. माझ्या हातनं दिलेली आहे, पाच सहा पोरं डोळ्यापुढं येतात. बावस्कर डॉक्टरांना २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मी टीव्हीपुढं बसून रडले, घरातल्यांना कळेना काय झालं.

आणि तिसरं ओआरएस, जे प्रत्येक घरात आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. १९७१ ला बांगलादेशातनं निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधी बनगावला कॉलरा पसरला, दवाखान्यात जमिनीवर माणसं, सलाईन संपलेलं. डॉ. दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ तिथं होते, कलकत्त्याला संशोधन करणारे. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले आणि नातेवाईकांनाच सांगितलं पाजत राहा. शंभरातले जवळजवळ तीस मरत होते, ते चारच्या खाली आले. घरात पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मी हजारो आयांना शिकवलंय. संपादक साहेब, आपण साखरेच्या जिल्ह्यात राहतो, आणि ज्यांच्या हातनं ती साखर येते त्यांच्या कोपीत जुलाबानं बाळ जातं, हे मला आजही सहन होत नाही.

कुणी म्हणेल हे पन्नास वर्षांपूर्वीचं, आता सगळं आहे. १०८ आहे, आशा आहेत, पोर्टल आहे, कबूल आहे, लई सुधारलंय. पण कोपीतलं बाळ आजही दोन जिल्ह्यांच्या मधी पडतं. बाईची नोंदणी गावाकडं बीडला होते, मदर चाईल्डचं कार्ड पेटीत असतं नाहीतर सासूकडं राहिलेलं, सातव्या महिन्यात ती इकडं येते, बाळंतपण इथं, सहा भेटी कुणी द्यायच्या? तिथल्या आशाच्या यादीत ती बाई आहे पण गावात नाही, इथल्या आशाच्या हद्दीत आहे पण यादीत नाही. चांगली आशा असली तर ती स्वतःच्या मनानं जाते, मी अशा बघितल्यात, पण ते तिच्या चांगुलपणावर झालं, पद्धत नाही झाली.

आणि करता येत नाही असं मला कुणी सांगू नका, कारण आम्ही केलंय. पल्स पोलिओला आम्ही एक एक कोपी मोजली. वीटभट्टी, ऊसतोड, रस्त्याच्या कडेची पालं, धनगरवाडे, सगळ्याची यादी, मोबाईल टीम, पोराच्या बोटाला शाई, भिंत नाही म्हणून कोपीच्या बांबूवर खडूनं खूण. देशातला मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा पेशंट जानेवारी २०११ चा, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात आमच्या पायाचे तुकडे पडलेत आणि त्याचा अभिमान आहे मला. पण त्याच याद्या राऊंड संपला की गठ्ठ्यात बांधून जायच्या. ज्या बाळाला दोन थेंब पाजायला आम्ही फडापर्यंत चालत गेलो, तेच बाळ पंधरा दिवसांनी निमोनियानं आजारी पडलं तर ते कुणाचं नव्हतं.

न मोजल्यानं काय होतं त्याचं अजून एक सांगते, बायांना वाचायला जड जाईल पण सांगायला पाहिजे. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली. सहात एक! आपल्या फडात तोडणी करणाऱ्या बाया ह्याच. आम्ही नर्सांना हे दिसत नव्हतं असं नाही, तीस बत्तिशीच्या बाईची पिशवी काढलीय हे आम्ही एक एक करून ऐकत होतो, पण एक एक ऐकलं की ते त्या बाईचं नशीब वाटतं, मोजलं की कळतं हे नशीब नाही. डॉ. राणी बंगांनी १९८९ मधी हेच दाखवलं होतं, गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेली होती जेमतेम आठ जणींची. अंगावरनं पांढरं जाणं, पोटात दुखणं, ओझं उचलून अंग खाली येणं, हे सगळं बायका चालवून घेत होत्या. तोपर्यंत बाई म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची केस, आमची सगळी रजिस्टरं पण तशीच होती.

मला रिसर्चबद्दल एक वाईट अनुभव पण लिहायचाय, नाहीतर एका बाजूचं होईल. रिटायर व्हायच्या आधी एका तळावर एक बाई मला म्हणाली, "बाई, दरसाल कुणी ना कुणी येतंय, लिहून नेतंय, फोटू काढतंय, आमाला काय कळतच नाय त्याचं काय झालं." तिचं बरोबर होतं. फडातनं दमून आलेल्या बाईचा एक तास घ्यायचा, तिच्या मेलेल्या बाळाबद्दल विचारायचं आणि डिग्री घेऊन निघून जायचं ह्याला मी चोरी म्हणते. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० ला काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायका तयार केल्या, ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं अशा, आणि आकडे त्या गावातच राहिले, गावानंच बघायचं आपल्याकडं काय कमी आहे. १९७९ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. माझ्या भाचीला मी एवढंच सांगितलं की ज्या कोपीतनं माहिती आणशील त्या कोपीत निकाल सांगायला परत जा, त्यांच्या भाषेत, चुलीपुढं बसून. ती म्हणाली मावशी ते तर सगळ्यात आधी, परवानगी पण त्यांना समजेल अशीच घ्यायची असते.

आता ती तीन वर्षं शिकेल. नवीन नियमानं पीजीच्या पोरांना तीन महिने जिल्ह्याच्या यंत्रणेत काम करायला लागतं, एमबीबीएसच्या पोरांना कुटुंबं दत्तक घ्यायला लागतात, हे चांगलं झालंय. पण ऊसतोडीचा सीझन पाच सहा महिन्यांचा, आणि एका सीझननं काही कळत नाही, तीच टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला जाते, त्यांच्या मागं जायला लागतं, बीडला पण जायला लागतं. बंग डॉक्टर, आरोळे डॉक्टर, बावस्कर डॉक्टर, ह्यांच्यात एकच गोष्ट सारखी दिसते मला, ते एका जागी राहिले. वर्षानुवर्षं. आणि ते स्वतःच्या हिमतीवर राहिले, संस्था काढून नाहीतर स्वतःचा दवाखाना चालवून. प्रत्येक पोरीनं एवढी तपश्चर्या करावी अशी अपेक्षा कशी करायची? हृदयाच्या डॉक्टरला आपण म्हणतो का की मशीन तूच आण आणि पगार पण तूच बघ?

म्हणून माझी मागणी अशी आहे. आपल्याकडं शेंडा पार्कात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आहे, साखर कारखाने आहेत. ह्या तिघांनी मिळून स्थलांतरित माणसांच्या आरोग्यासाठी निदान एक डॉक्टर आणि दोन नर्सा अशी कायमची जागा करावी, निदान पाच वर्षं न हलवता, पगार क्लिनिकच्या डॉक्टरला लाजवणार नाही असा. ऑक्टोबरला टोळी उतरली की कोपीवार नोंद, पोटुशी बाई, तान्हं बाळ, आजारी माणूस, ती नोंद त्याच दिवशी तिथल्या आशाला आणि बीडच्या आरोग्य केंद्राला, कुठलंही बाळ गेलं तर कशानं गेलं ह्याची चौकशी, आणि वर्षाच्या शेवटी आकडे सगळ्यांपुढं, पेपरात सुद्धा. कारखान्याला आपल्या गेटवर किती टन ऊस आला ते किलोपर्यंत माहीत असतं, तो तोडणाऱ्या बाईला किती बाळं झाली ते पण माहीत पाहिजे. ऊसतोडीचं मी बघितलंय म्हणून मी त्याचं लिहितेय, पण शिरोलीच्या फौंड्रीत वाळूच्या धुळीत काम करणारे आहेत, इचलकरंजीचे यंत्रमागवाले आहेत, २०१२ ला तिथं काविळीची साथ आली तेव्हा आपण किती गाफील होतो ते आठवा, शाहूवाडी राधानगरीकडचे धनगरवाडे आहेत जिथं पावसाळ्यात बाई अजून डालग्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत, घालून खाली आणतात. एक डॉक्टर पुरणार नाही हे मला कळतंय, पण सुरुवात एकानंच होते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ ला निम्म्या जागा राखून ठेवल्या तेव्हा आधी बघितलंच असणार की नोकरीत कोण आहे आणि कोण नाही. त्यांच्या गावात हे व्हावं असं मला मनापासनं वाटतं.

आणि दाजी हे पत्र वाचतील म्हणून एक लिहिते. दाजी, तुमची पोरगी पेशंटच बघणार आहे. फक्त तिचा पेशंट दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलेला नसणार, तिला त्याला शोधायला लागणार. तुम्ही तिच्याबरोबर एकदा तळावर चला, मी येते, संध्याकाळी बायका फडातनं आल्यावर.

संपादक साहेब तुम्हाला पण विनंती, पुढच्या वर्षी फोटो छापताना कम्युनिटी मेडिसिन घेतलेल्या पोरांना स्वतः फोन करून फोटो मागून घ्या, ती लाजून देत नाहीत.

सरांची ती दोनशे पानी वही अजून माझ्याकडं आहे, कव्हर गेलंय, २०१९ च्या महापुरात खालची पानं भिजलेली पण अक्षर लागतंय. भाची म्हणते त्यातली नावं कुणाला दाखवायची नाहीत, तर नावं झाकून बाकीची पानं झेरॉक्स करून ठेवलीत. त्या अकरा बाळांतलं ते ७२ श्वासांचं बाळ आज सत्तावीस अठ्ठावीस वर्षांचं असेल, कदाचित ह्या दिवाळीला स्वतःच कोयता घेऊन इकडं येत असेल, बायको पोटुशी असेल. टोळ्या उतरायला अजून दोन महिने आहेत. तोपर्यंत कुणा डॉक्टरला ती वही बघायची असेल तर तुमच्या ऑफिसात आणून ठेवते, आणि तळ दाखवायला मी बरोबर येते, गुडघे दुखतात पण तेवढं चालता येतंय.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, कोल्हापूर